खांद्यावर रँक, छातीवर नंबर

कॉलेजात एनसीसी घेणाऱ्या पुष्कळ मुलींना तिसरं वर्ष लागेपर्यंत एक गोष्ट ठाऊक नसते. एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेचं 'सी' सर्टिफिकेट किमान 'बी' ग्रेडचं असेल आणि पदवीला 50 टक्के गुण असतील, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी यूपीएससीची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. एनसीसी स्पेशल एंट्रीतून सरळ एसएसबीचं, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचं, बोलावणं येऊ शकतं. वय 19 ते 25, लग्न झालेलं नको, भरती वर्षातून दोनदा. मुलींच्या जागा मात्र दर वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मी इंदूरहून याच वाटेने गेले. हल्ली बटालियनमधल्या मुली भेटल्या की विचारतात, "ताई, एसएसबीत काय विचारतात?" त्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. त्याआधीची तीन वर्षं कुणी विचारत नाही, आणि माझं ठाम मत आहे की खरी तयारी त्या तीन वर्षांत होते किंवा होत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आम्ही राजेंद्रनगरचे. महूचा रस्ता जवळून जातो, त्यामुळे लष्करी गाड्यांचे ताफे लहानपणापासून बघितलेले. महूला इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग आहे. हे गाव इंग्रजांची छावणी झालं ते महिदपूरच्या लढाईनंतर. डिसेंबर 1817 मध्ये होळकरांची फौज तिथे हरली आणि जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला. बाबा शाळेत इतिहास शिकवतात. महिदपूर ते असं सांगतात की जेवण थांबतं, आणि यशवंतरावांची मुलगी भीमाबाई घोडदळ घेऊन उतरली होती असं सांगताना त्यांचा आवाज चढतो. मी एनसीसीचा फॉर्म आणला तेव्हा त्यांनी वाचायच्या आधीच सही केली. काका मात्र म्हणत राहिले, "बँकेच्या परीक्षेला बस, इंदुरातच राहशील." आईची शंका निराळी होती. "तिथे तुझं ऐकणार कोण? तुझा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येत नाही."

आईचं बोलणं अगदी खरं होतं, आणि माझं पहिलं वर्ष बरंचसं आवाजातच गेलं.

ड्रिलचा हुकूम दोन तुकड्यांत येतो. 'दाहिने' म्हटलं की ऐकणारा तयार होतो, मग थोडी उसंत, आणि 'मुड'वर सगळे एकदम वळतात. ती उसंत कमी पडली तर मागची रांग गोंधळते, जास्त झाली तर स्क्वॉड सैल पडतं. चालत्या स्क्वॉडला 'थम' द्यायचं तर ते ठरावीक पावलावरच द्यावं लागतं, नाहीतर निम्म्या मुली थांबतात आणि निम्म्या पुढे जातात. आमचे ड्रिलचे उस्ताद मराठा लाइट इन्फंट्रीचे हवालदार होते, साताऱ्याकडचे. मैदानाच्या एका टोकाला मला उभं करायचे आणि दुसऱ्या टोकाचं स्क्वॉड चालवायला लावायचे. "गळ्यातनं नको, पोटातनं काढ. आणि वरडू नको पोरी. वरडल्यावर माणूस घाबरतंय, हलत न्हाई." आवाज हळूहळू मोकळा झाला. त्याहून मोठी गोष्ट ही, की हुकूम देणाऱ्याची नजर समोरच्यांच्या पावलांवर खिळलेली असावी लागते. तोंडातून शब्द निघण्याआधी दुसऱ्यांची चाल आपल्याला कळलेली असावी लागते. पुढे जे काही शिकले त्याचं मूळ मला या पावलं बघण्यात दिसतं.

पुस्तकात नेतृत्वावर धडा आहे. गुणांची यादी आहे, व्याख्या आहेत, 'बी' सर्टिफिकेटच्या परीक्षेला ते सगळं मी पाठ करून लिहिलं. त्या यादीत चूक काही नाही. पण एनसीसीची खरी रीत त्या धड्यात सांगितलेली नाही. ती रीत अशी की तुमच्या हातात लवकरात लवकर थोडी माणसं द्यायची. लान्स कॉर्पोरल झालात की काही मुलींचे बूट आणि बेरेट तुमच्या जबाबदारीवर. कॉर्पोरल, सार्जंट, मग अंडर ऑफिसर, आणि प्रत्येक पायरीला माणसं वाढतात. 1948 च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली, 1949 मध्ये मुलींचा विभाग निघाला, आणि एवढ्या वर्षांत ही रीत टिकून आहे, कारण तिला पर्याय नाही. ज्यांना एनसीसी म्हणजे 15 ऑगस्टची परेड आणि नंतरचा समोसा वाटतो, त्यांनी एकदा दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प आतून बघावा.

कॅम्पला पाचेकशे कॅडेट असतात. पहाटे पीटी, मग ड्रिल, पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, नकाशावाचन, फील्डक्राफ्ट, संध्याकाळी खेळ, रात्री रोल कॉल. हे सगळं वेळापत्रकात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसतं ते म्हणजे लंगर, कॅम्पचं स्वयंपाकघर.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे लंगरची ड्युटी आली. अनेक मुलींना ती शिक्षा वाटते. मला विचाराल तर कॅम्पातलं सगळ्यात जास्त शिकवणारं काम तेच. पाचशे जणांचं जेवण एकदम वाढता येत नाही, कंपनीवार रांगा लागतात. अल्फा कंपनी नेहमी पहिली, डेल्टा नेहमी शेवटी. शेवटच्या रांगेला डाळ पातळ मिळते, पोळ्या गार मिळतात, आणि जेवायला वेळही कमी उरतो, कारण पुढच्या पिरियडचा फॉलिन, म्हणजे रांगेत हजर होणं, सगळ्यांचा एकाच वेळी असतो. पहिल्या दोन दिवसांत डेल्टाच्या मुली दुपारच्या ड्रिलला ढिल्या पडत होत्या आणि त्याबद्दल शिक्षेचा रगडा खात होत्या. मी सुभेदारसाहेबांकडे गेले आणि विनंती केली की रांगांचा क्रम दर जेवणाला फिरवू या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, "लिखकर लाओ" म्हणाले. वहीच्या पानावर तक्ता करून दिला, तो त्यांनी सही करून लंगरच्या दारावर लावला. पुढे डेल्टाच्या मुलींचं ड्रिल सुधारलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्यांचं तोंड पाडून बसणं थांबलं, आणि अल्फाच्या मुलींनी एकदा गार पोळी खाल्ल्यावर कुरकुर केली नाही, कारण तक्ता सगळ्यांना दिसत होता. गैरसोय सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली की लोक ती सहन करतात. त्याकरता आधी शेवटच्या रांगेत जाऊन जेवावं लागतं.

तिसऱ्या वर्षी सीनियर अंडर ऑफिसर झाले. आता कॅम्पात एका कंपनीच्या मुली माझ्या, आणि त्यांच्याबरोबर आली नफरी, म्हणजे माणसांची मोजणी. दिवसातून कितीदा तरी नफरी द्यावी लागते. इतक्या हजर, इतक्या ड्युटीवर, इतक्या एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात. बेरीज जुळली नाही तर कोणी हलत नाही. एका रात्री रोल कॉलला एक मुलगी कमी भरली. सेक्शन कमांडर घाबरून तंबू शोधायला पळाली. मला दुपारचं जेवण आठवलं. खरगोनकडच्या एका मुलीने ताट जवळजवळ तसंच ठेवलं होतं आणि पोटावर हात धरून बसली होती. सरळ एमआय रूमकडे गेले, ती तिथेच खाटेवर होती, संध्याकाळी मैत्रीण तिला सोडून गेली होती आणि चिठ्ठी कुणाकडेच पोचली नव्हती. शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उस्तादांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या सेक्शन कमांडरना बसवलं आणि एवढंच सांगितलं, "नफरी रातच्याला मोजायची नसती. दिवसभर मोजायची असती."

आमच्या बटालियनच्या कॅम्पात इंदूरच्या मुली असतात तशा धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोनच्याही असतात. कुणी मराठी, कुणी माळवी, कुणी निमाडी, कुणी भिली बोलणारी. हुकूम सगळे हिंदीत. शहरातल्या मुली चटकन पुढे होतात, हात वर करतात, नावं लक्षात राहतात. आदिवासी भागातल्या मुली मागच्या रांगेत उभ्या राहतात, आणि त्यांना काही येत नाही असा समज फार लवकर पसरतो.

फील्डक्राफ्टमध्ये हुकूम देण्याची एक ठरलेली पद्धत शिकवतात. जमीन कशी आहे, समोरच्याची आणि आपली खबर काय, काम काय आहे, ते कसं करायचं, खाण्यापिण्याची आणि दारूगोळ्याची सोय काय, आणि मी स्वतः कुठे असेन. सगळं सांगून झालं की शेवटी विचारायचं, "कोई शक?" यावर ठरलेलं उत्तर येतं, "नो सर!" ते इतक्या जोरात आणि इतक्या लगेच येतं की कुणाला खरंच शंका असेल तर ती त्यात बुडून जाते.

एका संध्याकाळी कंपासवर मार्च होता. अशा मार्चला प्रत्येकीचं काम वाटून दिलेलं असतं. एक कंपास धरून बेअरिंगवर, म्हणजे ठरवलेल्या दिशेवर, नजर ठेवते, एक पावलं मोजते, एक नोंद करते. पावलं मोजायला मी अलीराजपूरच्या एका मुलीला नेमलं होतं, कारण तिची चाल चढावर, उतारावर सारखीच राहायची. निघायच्या आधी सेक्शन कमांडरने सगळा हुकूम छान दिला, "कोई शक?" विचारलं, "नो मॅडम" झालं. ती मुलगी मात्र शेजारणीला भिलीत काहीतरी सांगत होती. मी विचारलं. ती गप्प. शेजारीण म्हणाली, "दीदी, ये बोल रही है, उधर नाले की मिट्टी काली है, पाँव धँसेगा." परवा पाऊस पडून गेला होता. माळव्याची काळी माती ओली असताना बूट धरून ठेवते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, पण नकाशावर बेअरिंगची रेघ ओढताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही नाल्याच्या वरच्या अंगाला एक खूण धरली, तिथून वळसा घालून परत बेअरिंगवर आलो. आमच्या मागून निघालेलं एक सेक्शन त्या नाल्यात चांगलंच रुतलं.

त्यानंतर मी माझ्या कंपनीत एक शिरस्ता पाडला. हुकूम झाला की "कोई शक?" विचारायचं नाही. मागच्या रांगेतल्या एकीला उभं करून म्हणायचं, आता हे तू तुझ्या शब्दांत सांग. निमाडीत सांग, भिलीत सांग, दुसरी कुणी हिंदीत करून देईल. सुरुवातीला वेळ जायचा आणि पुढच्या रांगेला कंटाळा यायचा. पण हुकूम कुठे अर्धवट पोचला आहे ते लगेच उघडं पडायचं. मला वाटतं, एनसीसीच्या प्रत्येक युनिटने हे करावं. वेळेची सबब मला पटत नाही. चुकीचा कळलेला हुकूम निस्तरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

पुढे महूला आर्मी अटॅचमेंट कॅम्प झाला, म्हणजे सैन्याच्या युनिटबरोबर राहायला मिळालं, तेव्हा हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघायला मिळाली. वाळूवर जमिनीचा नमुना करतात, टेकड्या, नाले, रस्ते रंगीत भुकटीने दाखवतात, आणि त्याच्याभोवती उभं राहून हुकूम दिला जातो. एक तरुण लेफ्टनंट साहेब, आमच्याहून चारपाच वर्षांनी मोठे असतील, हुकूम देऊन झाल्यावर छडी एका जवानाच्या हातात देत आणि म्हणत, "अब तू बता, तेरा सेक्शन कहाँ से जाएगा?" जवान नमुन्यावर छडी फिरवत सांगे. मध्येच एक वयस्क हवालदार बोलले, "साहब, इधर से चढ़ाई में एलएमजी वाला पीछे रह जाएगा." एलएमजी म्हणजे लाइट मशीन गन. साहेबांनी मान हलवली आणि तिथल्या तिथे वाट बदलली. त्यात कमीपणा कुणालाच वाटला नाही. वीस वर्षं नोकरी झालेला हवालदार आणि दोन वर्षं झालेला अधिकारी यांचं नातं असं चालतं हे डोळ्यांनी बघितलं, आणि अधिकारी व्हायचं हे माझं तिथे पक्कं झालं.

'सी'ची परीक्षा झाली. त्यासाठी परेडची 75 टक्के हजेरी लागते आणि कॅम्पही झालेले असावे लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षापासून हजेरी सांभाळा, शेवटी धावपळ करून काही होत नाही. लेखी पेपर सोपा, ड्रिल आणि शस्त्रांच्या प्रात्यक्षिकात गुण जातात.

मग भंवरकुआंकडच्या एका क्लासला थोडे दिवस गेले. एसएसबी ज्या पंधरा गुणांवर माणूस तोलते, त्यांची यादी तिथे भिंतीवर लावली होती. संघटनकौशल्य, जबाबदारीची जाणीव, निर्णयाचा वेग, सहकार्य, गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता, धैर्य, चिकाटी वगैरे. यादी बरोबर आहे. पण तिथे प्रत्येक गुणासाठी तयार गोष्टी पाठ करून घेत होते. चित्र काहीही असो, नायक गावात जातो, लोकांना जमवतो, पूल बांधतो. तिथल्या मुलामुलींनी लिहिलेल्या गोष्टी मी वाचल्या, सगळ्या एकसारख्या. मी ते सोडलं. रोजचं धावणं, वर्तमानपत्र आणि जुन्या डायऱ्या एवढ्यावर तयारी केली. कॅम्पातल्या डायऱ्या प्रत्येक मुलीने ठेवाव्यात. एसएसबीच्या माहितीपत्रकात स्वतःबद्दल जे भरायचं असतं, त्यातलं निम्मं तुम्ही विसरलेल्या असता.

माझं केंद्र भोपाळ होतं. स्टेशनवरून बोर्डाच्या गाडीने नेलं, कागद तपासले आणि छातीवर नंबर बांधला. इथपासून नाव, कॉलेज, रँक, सगळं बाहेर. पाच दिवस तुम्ही म्हणजे तो नंबर.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. बुद्धिमत्तेची चाचणी आणि मग एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात. त्यावर गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. त्या चर्चेत पुष्कळदा मासळीबाजार होतो. दुपारी निकाल लागतो आणि बऱ्याच मुली तिथूनच परततात. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या. बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, प्रत्येकावर गोष्ट. 60 शब्द, प्रत्येकाला 15 सेकंद, मनात पहिलं वाक्य येईल ते लिहायचं. 60 प्रसंग, त्यांत तुम्ही काय कराल ते अर्ध्या तासात लिहायचं. शेवटी आई-बाबा, शिक्षक, मैत्रिणी तुमच्याबद्दल काय म्हणतात ते लिहायचं. वेग असा असतो की पाठ केलेलं दहा मिनिटांत संपतं आणि पुढे तुम्ही जशा आहात तशाच कागदावर उतरता. मी लंगर लिहिलं, नफरी लिहिली, काळी माती लिहिली. तिथली नेमकी चित्रं आणि शब्द मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही विचारू नका.

मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि जीटीओ, म्हणजे मैदानावर गटाची चाचणी घेणारे अधिकारी, असे तिघे तुम्हाला स्वतंत्रपणे जोखतात. मन, वाचा आणि कर्म या तिन्हींत एकच माणूस दिसतो का, ते बघितलं जातं. मुलाखत माझी सरळ झाली. पहिलीच विचारणा पाचसहा प्रश्नांची एकत्र, सगळी क्रमाने आठवून उत्तरं द्यायची. मग घर, कॉलेज, लंगरच्या तक्त्यावर बराच वेळ बोलणं.

जीटीओच्या मैदानावर मात्र मी जास्त थांबणार आहे, कारण रँक असताना आणि नसताना माणूस कसा वागतो ते तिथे उघड होतं.

प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये सगळ्या गटाला मिळून चार टप्पे पार करायचे असतात. हाताशी बल्ली (लाकडी वासा), फट्टा (फळी), रस्सी आणि बरोबर न्यायचं ओझं. चार फुटांहून मोठं अंतर उडी मारून ओलांडता येत नाही, ठरावीक रंगाच्या भागाला हात लावता येत नाही, दोन कडक वस्तू एकमेकींना बांधता येत नाहीत. आणि गटाला नेता दिलेला नसतो. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या निवड मंडळांत विल्फ्रेड बिऑन या मानसोपचारतज्ज्ञाने रुजवली. नेता न नेमता गटाला खरं काम द्यायचं आणि बाजूला उभं राहून बघायचं.

आमच्या गटात बहुतेक सगळ्या एनसीसीच्या, त्यातल्या निम्म्या अंडर ऑफिसर. सुरुवातीलाच चार दिशांनी हुकूम सुटले. "बल्ली इधर लाओ", "पहले फट्टा", "तुम उधर जाओ". प्रत्येकीचा आवाज पोटातून येत होता, आणि कुणी कुणाचं ऐकायला बांधील नव्हतं. दुसऱ्या टप्प्याला अडकलो. बल्ली पुढच्या आधारापर्यंत पोचत नव्हती. मला दिसत होतं की ती पुढे काढून मागच्या टोकावर कुणी वजन दिलं तर पुढे टांगती राहील आणि एकेक जण जाऊ शकेल. पण ते ओरडून सांगितलं असतं तर तो पाचवा हुकूम झाला असता. कडेला एक मुलगी, मला वाटतं आसामकडची, मघापासून बल्लीच्या मागच्या टोकाला हात लावून तेच चाचपून बघत होती. तिच्याजवळ जाऊन विचारलं, "तुम क्या देख रही हो?" तिने दाखवलं. मी मागच्या टोकावर बसले, वजन दिलं आणि बाकीच्यांना म्हटलं, "इनका आइडिया देखो, मैं बैठी हूँ, एक जन जाकर देखो." एक गेली, पोचली. आरडाओरडा थांबला आणि बाकीच्या एकामागून एक गेल्या. शेवटी मला पलीकडे ओढून घ्यायची युक्तीही त्याच मुलीने काढली.

मग कमांड टास्क. इथे तुम्ही कमांडर, गटातल्या दोघींना मदतीला घ्यायचं. मी पहिला नंबर तिचाच सांगितला. जीटीओ सरांनी विचारलं, "उससे ज़्यादा ताकतवर लड़कियाँ हैं ग्रुप में. वही क्यों?" मी म्हटलं, "सर, वो पहले देखती है, फिर हाथ लगाती है. और मुझे गलत होते देखेगी तो रोकेगी." काम समजावून झाल्यावर तिच्याकडून ते परत सांगून घेतलं, सवयीने. सर काहीतरी लिहीत होते. काय लिहिलं ते उमेदवाराला कधीच कळत नाही आणि त्याचा विचारही करू नये. वैयक्तिक अडथळे दहा असतात, वेळ तीन मिनिटं. रोज धावलेली, दोरावर चढलेली मुलगी तिथे घाबरत नाही, एवढं पुरे.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स. गणवेशातलं सगळं बोर्ड समोर, दोनचार साधे प्रश्न, जेवण कसं होतं, गटात कोण आवडलं. मग सगळ्यांना एकत्र बसवून निकाल वाचतात. थोडेसेच नंबर असतात. माझा होता. तिचा नव्हता. तिची आणि माझी नजर भेटली, ती हसली आणि माझी पाठ थोपटून सामान बांधायला गेली. निकालाचं कारण कुणालाही सांगत नाहीत. तीन दिवस तिच्या बाजूला राहिल्यावर माझं मत असं आहे की ती उत्तम अधिकारी होईल, आणि एका बोर्डाच्या निकालाने ते मत बदललेलं नाही.

निवड झालेल्यांना मेडिकलसाठी थांबवतात. लष्करी रुग्णालयात डोळे, कान, दात, पाठ, रक्त, सोनोग्राफी, सगळं तपासतात. कानातला मळ आणि दातांची कीड यावरून तात्पुरतं अडकलेल्या मुली मी बघितल्या, तेव्हा हे आधीच करून घ्या. मेडिकलनंतर गुणवत्तायादी लागते, आणि मुलींच्या जागा इतक्या थोड्या की शिफारस झालेलीलाही यादीत येईलच असं म्हणता येत नाही. माझं नाव आलं. आता चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत (ओटीए) 49 आठवड्यांचं प्रशिक्षण, त्यानंतर लेफ्टनंट म्हणून कमिशन. सुरुवातीची नोकरी दहा वर्षांची, आणखी चार वर्षं वाढू शकते. फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर स्थायी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत सैन्यात राहण्याचा, रस्ताही बायकांना पूर्वीपेक्षा बराच मोकळा झाला आहे. काकांना हे सगळं बाबांनीच समजावलं.

आसामची ती मुलगी फोनवर असते. सीडीएसचा, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या यूपीएससीच्या लेखी परीक्षेचा, फॉर्म भरते आहे. ओटीएसाठी त्यात गणिताचा पेपर नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, त्यामुळे तिला ते जमेल. मी तिला माझ्या नोट्स पाठवल्या आहेत, आणि आमच्या बटालियनमधल्या दोघी तिच्याबरोबर फोनवर चालू घडामोडींचा अभ्यास करतात.